लुक्रेझियाने नक्की कुणाला विष दिलं?

इटलीतल्या फेरारा शहराबद्दल एक मजकूर हल्ली ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. पोपची मुलगी लुक्रेझिया बोर्जिया हिने अंगठीतल्या विषाने आपले नवरे मारले, बापाशी-भावाशी तिचे अनैतिक संबंध होते आणि फेराराच्या किल्ल्यातल्या अंधारकोठड्या तिच्याच पापांच्या साक्षीदार आहेत, असं त्यात ठासून म्हटलंय. हे वाचून चीड येते.

आधी नवरे बघू. पहिला जोव्हान्नी स्फोर्झा. १४९७ साली लग्न रद्द झालं, तो १५१० पर्यंत जगला. तिसरा, फेराराचा ड्यूक अल्फोन्सो देस्ते, तिच्यामागे १५ वर्षं जगून १५३४ साली वारला. राहिला दुसरा, आरागॉनचा अल्फोन्सो. जुलै १५०० मध्ये रोमला सेंट पीटर चर्चच्या पायऱ्यांवर मारेकऱ्यांनी त्याला भोसकलं, तरी तो वाचला. लुक्रेझिया आणि तिची नणंद सांचा त्याच्या उशाशी बसून होत्या. कुणी विष घालेल या धास्तीने त्याचं जेवणही त्या स्वतः रांधत होत्या! ऑगस्टमध्ये दोघींना युक्तीने खोलीबाहेर काढलं गेलं आणि तिचा भाऊ चेझारे याच्या माणसाने त्याचा गळा आवळला. ऐन विशीतल्या या विधवेला आपण विषकन्या म्हणतो.

संबंधांच्या अफवेचं मूळही त्या रद्द झालेल्या लग्नात आहे. बोर्जियांनी स्फोर्झाला नपुंसक ठरवलं. अब्रू गेलेल्या स्फोर्झाने उलट आरोप केला, की पोपला मुलगी स्वतःसाठीच हवी आहे. विष पाजणारी लुक्रेझिया लोकांच्या मनात पक्की बसली ती १८३३ साली, फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगोच्या नाटकामुळे आणि इटालियन संगीतकार डोनिझेत्तीच्या ऑपेरामुळे.

कोठड्यांचं म्हणाल तर फेराराच्या तेव्हाच्या सत्ताधीशाची बायको पारिसिना आणि तिचा सावत्र मुलगा ऊगो यांचा प्रेमसंबंधापायी शिरच्छेद झाला १४२५ साली. लुक्रेझियाचा जन्म १४८० चा. जूलिओ देस्ते कटाच्या आरोपावरून १५०६ पासून १५५९ पर्यंत कैदेत सडला, पण त्याला डांबलं ते त्याच्या सावत्र भावाने, म्हणजे लुक्रेझियाच्या नवऱ्याने.

बोर्जिया घराणं धुतल्या तांदळासारखं नव्हतंच. लुक्रेझियाचीही कवी पिएत्रो बेम्बोशी प्रेमपत्रं होती. पण फेरारात नवरा लढाईवर गेला की कारभार तीच बघायची, लोकांचे अर्ज ऐकायची. युद्धखर्चासाठी तिने दागिने गहाण टाकले, दलदलीच्या जमिनी घेऊन पाण्याचा निचरा करवला आणि त्या लागवडीखाली आणल्या. फेराराला जाल तेव्हा किल्ल्याबरोबर कॉर्पुस डोमिनी मठही बघा. १५१९ साली बाळंतपणानंतर ३९व्या वर्षी ती गेली, तिला तिथेच पुरलंय. आणि तो मजकूर कृपा करून पुढे पाठवू नका.