स्पेसबार दाबला की पुढे सरकणारा संगणक

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, लिनक्स टाकलं आणि मशीन गेलं." मशीन कुठे गेलं नव्हतं, बूट होताना अडत होतं. मग कुणीतरी त्याला नोएपिक हा बूट पॅरामीटर (चालू होताना लिनक्सला द्यायची सूचना) सांगितला, त्याने टाकला, मशीन चालू झालं, त्याच्या दृष्टीने विषय संपला. माझ्या दृष्टीने तो तिथे सुरू होतो, म्हणून ही लांबण.

२००९ मध्ये मी पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून एक वापरलेलं ड्युअल कोरचं मदरबोर्ड आणलं होतं. कंपनीचं नाव घेत नाही. लिनक्स टाकलं. बूट होताना पाच-सहा ओळी यायच्या आणि पडदा गोठायचा. वैतागून स्पेसबार बडवला, तर दोन ओळी पुढे! परत थांबला. परत बडवला. असं ढकलत ढकलत एकदाचा लॉगिनपर्यंत नेला. आई मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "ढोसल्याशिवाय हलतच नाही का रे हा? तुझ्या बाबांवर गेलाय."

गंमत म्हणजे आईचं निदान अचूक होतं. हातात काम नसलं की प्रोसेसर झोपतो. त्याला उठवायला टायमरचा इंटरप्ट लागतो, म्हणजे गजर. प्रत्येक कोरला स्वतःचा टायमर असतो, पण त्या काळच्या बऱ्याच प्रोसेसरांत गाढ झोपेत तो टायमरही बंद पडायचा. मग कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, बोर्डावरच्या टायमरवर भिस्त ठेवावी लागते. त्या टायमरची तार इंटरप्ट कंट्रोलरच्या (आयओ-एपिक, म्हणजे हे इशारे प्रोसेसरकडे पोचवणारी चिप) कोणत्या पिनला जोडली आहे, हे कर्नलला आपोआप कळत नाही. बायोसने, म्हणजे बोर्डावरच्या अंगभूत प्रोग्रॅमने (फर्मवेअरने), भरून दिलेला एसीपीआयचा, म्हणजे हार्डवेअरच्या माहितीचा, तक्ता सांगेल ते खरं. माझ्या तक्त्यात लिहिलं होतं पिन २, प्रत्यक्षात तार पिन ० ला. गजर वाजत होता, पण शेजारच्या घरात. कीबोर्डचा इंटरप्ट मात्र नीट पोचायचा, म्हणून कळ दाबली की साहेब जागे. बूटच्या लॉगमध्ये हे सरळ लिहिलेलं होतं: एमपी-बायोस बग, ८२५४ टायमर आयओ-एपिकला जोडलेला नाही. कर्नलने आडवाटेने काम भागवायचा प्रयत्नही केला होता, पण झोपेच्या वेळी ती वाट दगा द्यायची.

(बोर्डावरचा तो ८२५४ टायमर साधारण ११ लाख ९३ हजार ठोके दर सेकंदाला मोजतो. असला विचित्र आकडा का? १९८१ च्या आयबीएम पीसीत १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल होता, अमेरिकन रंगीत टीव्हीच्या रंगलहरीच्या चौपट. त्याला १२ ने भागलं की हा आकडा. आपल्याकडे रंगीत टीव्ही १९८२ ला, एशियाडच्या वर्षी आला आणि तोही पाल पद्धतीचा. तरी पुण्यात माझ्या टेबलावर ठोका अमेरिकन टीव्हीचाच.)

तेव्हा मीही आधी नोएपिकच टाकलं होतं. त्याने आयओ-एपिकच बंद होतो आणि सगळी उपकरणं जुन्या पद्धतीच्या मोजक्या इंटरप्ट लाइनींवर दाटीवाटीने बसतात. चार दिवसांत "आयआरक्यू ११: नोबडी केअर्ड" (११ नंबरच्या लाइनीवरच्या हाकेला कुणी ओ दिली नाही) असा संदेश आला आणि नेटवर्क कार्ड गप्प. डोकेदुखीवर डोकंच काढून ठेवायचा प्रकार. खरा उपाय बारीक होता: तक्त्यातली ती एक चुकीची नोंद दुर्लक्षित करायला सांगणारा पॅरामीटर. कर्नलच्या दस्तऐवजात तो एनफोर्स २ चिपसेटच्या सदोष बायोससाठी म्हणून नोंदवलाय. माझं बोर्ड त्या चिपसेटचं नव्हतं, पण दुखणं तेच. पुढे बायोसचं अपडेट मिळालं, ते चढवायला फ्रीडॉस या डॉससारख्या मोफत सिस्टिमचा पेनड्राइव्ह करावा लागला, आणि मग कुठलाच पॅरामीटर लागेना. अपडेटच्या टिपणात काय लिहिलं होतं? "सिस्टिम स्टॅबिलिटी सुधारली." बस.

माझा राग इथे आहे. चूक तक्त्यात, दोष लिनक्सला, आणि दुरुस्त केली तरी कबुली नाही. विंडोज चालू झालं की बोर्ड पास, अशी चाचणी होत असेल तर दुसरं काय होणार? हे इतकं मुरलंय की फर्मवेअर जेव्हा विचारतं "तू विंडोज आहेस का?", तेव्हा लिनक्सचं कर्नल "हो" म्हणतं. खोटंच बोलतं, पण करणार काय, खरं बोललं तर न तपासलेल्या वाटेवर जाऊन आपटायचं. बोर्डाचे पैसे देतो तेव्हा फर्मवेअरचेही देतोच ना आपण?

जुन्या बायोसच्या जागी यूईएफआय हे नवं फर्मवेअर आल्यावर हे मिटलं असं वाटणाऱ्यांनी भाच्याच्या मशीनकडे बघावं. त्याच्याकडून नोएपिक काढायला लावलं आणि लॉग वाचायला लावला. "फर्मवेअर बग: टीएससी अ‍ॅडजस्ट". म्हणजे कोरच्या आतल्या घड्याळाचे काटे फर्मवेअरने परस्पर हलवलेले. कर्नलने त्या घड्याळावरचा विश्वास काढून एचपेट हे बोर्डावरचं घड्याळ धरलेलं, आणि ते वाचायला कितीतरी हळू. गेम अडखळतो म्हणून हा पठ्ठ्या महिनाभर ग्राफिक्स ड्रायव्हर बदलत बसला होता! बायोस अपडेट केलं, दोन्ही दुखणी गेली. तेही आता सोपं झालंय. जे उत्पादक आपली अपडेट्स एलव्हीएफएस या लिनक्सच्या फर्मवेअर-भांडारावर ठेवतात, त्यांची लिनक्समधूनच चढवता येतात. भाच्याच्या बोर्डाचा उत्पादक ठेवत नाही.

कंपनीला त्याने मेल केली होती, लॉगची ओळ जोडून. उत्तर आलं: "विंडोजवर प्रॉब्लेम येतो का?"

तर आज घरी गेल्यावर डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग दाखवणारी कमांड) "फर्मवेअर बग" शोधा. सापडलं तर बोर्डाचं मॉडेल आणि बायोसची तारीख कमेंटमध्ये टाका. नोएपिक सुचवणाऱ्यांनी जरा दमानं.