नोकरी सोडली म्हणून ४०१(के) ६० दिवसांत हलवावेच लागते असे नाही
अमेरिकेत नोकरी सोडल्यापासून ६० दिवसांत जुन्या ४०१(के) मधले, म्हणजे कंपनीमार्फतच्या निवृत्ती बचत खात्यातले, पैसे हलवले नाहीत तर कर आणि दंड बसतो, असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे. शिल्लक ७,००० डॉलरच्या वर असेल, तर निवृत्तीच्या वयाआधी जुनी कंपनी ते खाते तुमच्या संमतीशिवाय रिकामे करू शकत नाही.

६० दिवसांची मुदत खरी आहे, पण पैसे तुमच्या हातात आले तरच. तेव्हा २० टक्के आधीच करापोटी कापले जातात. पूर्ण रक्कम रोलओव्हर करायची (दुसऱ्या निवृत्ती खात्यात भरायची) तर तेवढी भर स्वतःच्या खिशातून घालायची आणि कापलेले पैसे कर विवरणपत्र भरल्यावर परत मिळण्याची वाट पाहायची. विनाकारण डोकेदुखी. त्यापेक्षा पैसे थेट नव्या खात्यात पाठवायला सांगा, कपातच होत नाही.

करपूर्व रक्कम (जिच्यावर अजून कर भरलेला नाही) ट्रॅडिशनल आयआरएमध्ये, म्हणजे स्वतः उघडलेल्या निवृत्ती खात्यात, गेली तर आत्ता कर नाही. रॉथ आयआरएमध्ये (ज्यात कर भरलेले पैसे ठेवतात) गेली तर ती त्या वर्षीच्या उत्पन्नात धरली जाते. मात्र वयाची ५५ वर्षे पूर्ण होतात त्या वर्षी किंवा नंतर नोकरी सोडली असेल, तर आयआरएची घाई नको: त्याच कंपनीच्या ४०१(के) मधून १० टक्के दंडाशिवाय पैसे काढता येतात, आयआरएमधून सहसा साडेएकोणसाठपर्यंत नाही.