पोटरी थरथरते म्हणजे फाटते असं नाही

धावणाऱ्यांच्या गटांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: 'प्रत्येक पावलाला मांड्या-पोटऱ्या थरथरतात. ही थरथर स्नायूंचे धागे तोडते. फोन पोटरीला बांधून अ‍ॅपवर आकडा बघा. जास्त आला तर घट्ट टाइट्स घ्या, नाहीतर धावणं सोडा.' आमच्या गटातल्या एका ताईंनी हा वाचून खरंच धावणं थांबवलं, म्हणून हे लिहितोय.

थरथर होते, हे खरं. टाच टेकली की नडगीचं हाड झटक्यात मंदावतं, पण भोवतालचं मांस लगेच थांबत नाही. ते थोडं पुढे जातं, मागे येतं, दोन-चार हेलकाव्यांत निवतं. पण यातला प्रत्येक हेलकावा म्हणजे इजा, हे कुणी सांगितलं? उलट या हेलकाव्यांत धक्क्याची काही ऊर्जा जिरते. पाय म्हणजे लाकडाचा ओंडका असं धरून गणित केलं की सांध्यांवरचा भार खऱ्यापेक्षा फार मोठा दिसतो.

'स्नायू बिचारा निमूट मार खातो' हा या मेसेजमागचा समज तर साफ चूक आहे. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठातले बेन्नो निग आणि जेम्स वेकलिंग यांनी 2001 मध्ये नेमका हाच प्रश्न मांडला. टाचेवर पडणाऱ्या धक्क्याची वारंवारता साधारण 10 ते 20 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 10 ते 20 हेलकावे. पायातल्या स्नायूंची स्वतःची कंपनं साधारण 10 ते 50 हर्ट्झ. म्हणजे दोन्ही जुळून झोका वाढत जाण्याची पुरेपूर शक्यता. तरी तसं फारसं घडत नाही, कारण पाय जमिनीला लागण्याआधीच स्नायू आवळायला लागतो. आवळलेल्या स्नायूची वारंवारता बदलते आणि कंपनही लवकर विरतं. तबल्याच्या पुडीवर तळवा दाबून थाप मारा, नाद लगेच बसतो. मोकळी सोडा, घुमत राहतो. पाय हे प्रत्येक पावलाला, आपल्या नकळत करतो. मला तरी हे विलक्षण वाटतं.

आता तो फोन. संशोधनात काही ग्रॅम वजनाचा अ‍ॅक्सेलरोमीटर (वेग किती झटक्यात बदलतो ते मोजणारा संवेदक) स्नायूच्या फुगीर भागावर पट्टीने घट्ट चिकटवतात. फोनचं वजन दीड-दोनशे ग्रॅम. तो मांसावर बांधला की मांसासोबत तोही लोंबकळतो, आणि अ‍ॅप त्याचंच हलणं मोजतं. शिवाय 50 हर्ट्झपर्यंतचं कंपन पकडायचं तर सेकंदाला किमान शंभराहून जास्त नोंदी हव्यात, आकार नीट दिसायला त्याहून कितीतरी जास्त. अनेक फोन शंभराच्या आसपासच थांबतात. त्यात पायाचं पुढेमागे झुलणं आणि गुरुत्वाकर्षण हेही त्याच आकड्यात मिसळलेले असतात. ते वेगळे काढल्याशिवाय 'थरथर' म्हणून जे दिसतं, त्यातलं बरंचसं फक्त चालणारा पाय असतो.

त्याहून मोठी चूक एकाच आकड्यावर भिस्त ठेवण्याची. धक्का सर्वांत मोठा किती, एवढंच तो आकडा सांगतो. कोणत्या वारंवारतेला किती ऊर्जा होती आणि ती किती वेगाने विरली, हे त्यात नसतं. हे कंपन क्षणभराचं असल्याने सगळ्या पावलाची सरासरी काढणारं साधं फूरिये विश्लेषणही (कंपनात कोणत्या वारंवारता आहेत ते वेगळं काढणारी गणिती रीत) तोकडं पडतं. म्हणून वेव्हलेट पद्धत वापरतात. तिच्यात वेळ आणि वारंवारता दोन्ही सोबत दिसतात. दोघांचा आकडा सारखा असूनही एकाचं कंपन चटकन विरलेलं आणि दुसऱ्याचं रेंगाळलेलं असू शकतं.

दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याचं खापरही थरथरीवर फोडलंय. त्याचं ठळक कारण म्हणजे लांबत असतानाच भार झेलणारा स्नायू. म्हणून चढापेक्षा उतारावर धावल्यावर मांड्या जास्त भरून येतात. कंपनाचा वाटा शून्य आहे असं मी म्हणत नाही. मुख्य आरोपी तो नव्हे.

टाइट्सचं म्हणाल तर त्या थरथर कमी करतात, हे मोजलेलं आहे. पण अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाने 2017 मध्ये, नायकीच्या अर्थसाहाय्याने, अनुभवी धावपटूंना टाइट्ससह आणि टाइट्सविना ट्रेडमिलवर धावायला लावलं. थरथर घटली, थकवा मात्र तेवढाच राहिला. आवडत असतील तर जरूर घाला.

ताई, रविवारी साडेपाचला नेहमीच्या वळणावर थांबतो. फोन घरी ठेवून या.