पाट्यावरची कुंडी

परवा संध्याकाळी कट्टा भरला तेव्हा विषय आधीच ठरलेला होता, कारण पिंट्याच्या बायकोचं स्टेटस सकाळीच सगळ्यांनी पाहिलं होतं आणि ज्यांनी नव्हतं पाहिलं त्यांना नान्याने स्क्रीनशॉट पाठवला होता, वर लाल गोल काढून. तोच तो फोटो. हॉलचा कोपरा, कोपऱ्यात दगडी पाटा, पाट्यावर मनीप्लांटची कुंडी, मागच्या भिंतीवर सूप टांगलेलं आणि सुपावर वारली. छान दिसत होतं राव, मी तर हार्ट टाकला होता.

आमचा कट्टा म्हणजे जळगावात काव्यरत्नावली चौकाच्या अलीकडे एका कायम बंद दुकानाच्या तीन पायऱ्या. सगळ्यात वरच्या पायरीवर नान्या बसतो. नान्या क्लासेस घेतो त्यामुळे आपण त्याला सर म्हणावं असं त्याला वाटतं, म्हणून आम्ही कोणी म्हणत नाही.

"पाट्यावर कुंडी!" तो सुरूच झाला. "ज्या पाट्यावर तुझ्या आजीने, पणजीने अख्खं घर जेवू घातलं, त्याच्यावर माती?"

"माती कुंडीत आहे भो," पिंट्या म्हणाला.

पिंट्याचं लग्न होऊन जेमतेम दोन महिने झालेत त्यामुळे तो अजून दोन्हीकडून मार खायच्या स्टेजमध्ये आहे. पिंप्राळ्यात तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके, लिफ्ट नाही. आहेरात पाच भिंतीवरची घड्याळं आणि सात लेमन सेट आले, त्यातलं एक घड्याळ लावलं बाकीची बेडमध्ये टिकटिक करतात, सेल काढायला कोणाला वेळ आहे. वहिनी एमआयडीसीत चटईच्या कंपनीत अकाउंट बघते, सकाळी नऊला स्कूटीवर जाते ती सातला येते, आणि रविवारी जो वेळ मिळतो त्यात तिने ते घर असं लावलंय की घरमालक भाडं वाढवायचा विचार करतोय.

"मुलींना शोपीस पाहिजेत आता," नान्या. "सूप भिंतीवर, पाटा कोपऱ्यात, मग उद्या उखळात काय, चपला ठेवणार? संस्कृती आहे ही आपली. आपल्या भरताला युनेस्कोचा टॅग आहे."

"जीआय, ते भौगोलिक मानांकन," राजू खालच्या पायरीवरून बोलला. "आन् तो भरताले नाही, वांग्याले भेटला. दोन हजार सोळाले. केळीलेही त्याच साली."

राजू आचारी आहे, लग्नसराईत चारशे-पाचशे पानाचं काम एकटा सांभाळतो, आणि हिवाळ्यात भरीत पार्ट्यांच्या ऑर्डरी. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून लाकडी बडगीत ठेचताना त्याला बघावं एकदा. तो माझा शाळेपासूनचा दोस्त आहे म्हणून मी त्याचंच जास्त लिहितोय असं कोणाला वाटलं तर वाटू द्या.

"तू मले एक सांग नान्या," राजू म्हणाला, "तुह्या घरच्या पाट्याले टाकी शेवटची कधी लावली होती?"

नान्याने क्षणभर विचार केला. "टाकी? वरची का खालची?"

भटूच्या नाकातून चहा आला. खोटं नाही, खरंच आला, माझ्या शर्टवर डाग आहे.

मग राजूने त्याला समजावलं, म्हणजे खरं तर आम्हालाच, कारण हसलो सगळे पण माहीत दोघांनाच होतं. पाटा वापरून वापरून गुळगुळीत होतो, मग वाटण वाटलं जात नाही, नुसतं सरकतं, लसूण तर साबणासारखा पळतो. म्हणून छिन्नी-हातोडीने त्याच्यावर परत टवके पाडून घ्यावे लागतात, त्याला टाकी लावणं म्हणतात. पूर्वी गल्लीत बाया ओरडत यायच्या टाकीऽऽ करून. आता त्या येत नाहीत. "फोटोत झूम कर," राजू म्हणाला, "पाटा आरशासारखा झाला आहे. त्याच्यावर कुंडीच राहू शकते भो."

झूम केलं. खरंच होता.

पण नान्या हरला असं कधी झालंय का? त्याने लगेच खापर काढलं. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वहिनी माहेरी शहाद्याला गेली होती ती येताना मांडे भाजायचं मातीचं खापर घेऊन आली, हे पिंट्यानेच मागे कौतुकाने सांगितलेलं, आता ते अंगावर आलं. "खापर आणलं ना? मग मांडे का नाही झाले अजून? का ते पण भिंतीवर लावणार, लाइटिंग करून?"

राजू म्हणाला, "खापर पाह्यलं का कधी? पालथं असतं, घमेल्याएवढं. घरच्या गॅसवर ठेवलं तं मधातच जळतं आन् कडा गार राह्यतात. त्याले चूल पाहिजे, खाली तीन बाजूनं जाळ. चूल कुठं मांडू, पिंट्याच्या बाल्कनीत? आन् गव्हाचं सपीट काढा, वस्त्रगाळ करा, पुरण भरून मांडा कोपरापर्यंत दोन्ही हातांवर फिरवा. तुही बायको करते का?"

नान्याची बायको काळा मसालासुद्धा बचतगटाकडून घेते हे सगळ्या कट्ट्याला माहीत आहे, आणि त्यात वाईट काही नाही, मसाला चांगला असतो, आम्ही पण तोच घेतो. पण नान्या म्हणाला, "तिला ट्युशनमधून वेळ कुठे."

"हां," राजू म्हणाला. "तिले वेळ नाही. आन् वहिनी तं दिवसभर चटईवर झोपूनच असते."

यावर मी टाळी दिली. मान्य आहे, मी तटस्थ नाही.

भटू इतका वेळ गप्प होता, तो अमळनेरचा, बोलला की अहिराणीतच. "काय चाली ऱ्हायनं भो आठे? पाटा पिंट्याना, घर पिंट्यानं, आन् ताप नान्याले?" पण नान्याच्या अंगात आलं होतं. म्हणे संस्कृती सोडा, साधा स्वयंपाक तरी, त्या रविवारी आपण जेवायला गेलो तेव्हा शेवभाजीत शेवेचा लगदा झाला होता, मी तोंडावर बोललो नाही पण वहिनीचा हात अजून बसायचाय.

पिंट्या पायरीकडे बघायला लागला.

"काय रे?"

"ती मी केली होती," पिंट्या म्हणाला. "ती म्हणाली दोस्त तुझे आहेत तर तू कर. रस्सा उकळताना सगळी शेव टाकून दिली मी एकदम. तिने सांगितलं होतं की वाढताना टाक, पण मला वाटलं मुरेल."

मुरेल! आता हा शब्द पुढची पाच वर्षं पिंट्याला पुरणार आहे. तसंही त्याला काही कळत नाही हे आम्हाला २०१४ पासून माहीत आहे, फायनलला शेवटच्या ओव्हरमध्ये त्याने दुसरी रन घ्यायला लावून मला आउट केलं होतं, आणि वर म्हणाला होता मला वाटलं होईल. तेच. मला वाटलं. (मी रनआउट नव्हतो, अंपायर त्यांच्या गल्लीचा होता, पण ते जाऊ द्या.)

"बरं काकूंना माहीत आहे का?" नान्याने शेवटचा पत्ता टाकला. "श्रावणात कानबाईच्या सणाला येतील ना त्या इथे? तेव्हा बघू. सासूला काय सांगणार, तुमच्या पाट्याचं गार्डन केलं?"

पिंट्याने सरळ फोन लावला, स्पीकरवर. काकूंचा आवाज म्हणजे स्पीकरची गरज नव्हतीच.

"हां पिंटू, जेवला का?"

"काकू, मी नाना बोलतो. तो पाटा..."

"हाव, कुंडी ठेवली तिनं, मले फोटो टाकला ना. झ्याक दिसतो. तो तं गोठ्यात पडेल होता चार वर्षं, कोंबड्या बसायच्या. सुनबाई म्हने आई हा मले पाहिजे. म्हटलं ने माय, वझं कमी. माह्या खांद्यानं तं कधीचं सोडेल आहे त्याले. कोन बोलते म्हने?"

"नाना, काकू. पिंटूच्या वर्गातला."

थोडी शांतता. मागे कुठेतरी म्हैस ओरडली.

"तो नाना का? माह्या बिबड्यांचा डबा नेनारा?"

आता बिबड्यांच्या डब्याची गोष्ट अशी की तीन उन्हाळ्यांपूर्वी काकूंनी कट्ट्यासाठी मोठा स्टीलचा डबा भरून बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, दिले होते, पाच लिटरचा, झाकणावर काकांचं नाव कोरलेलं. बिबडे दोन दिवसांत संपले. डबा नान्याकडे गेला एवढं नक्की, पुढे काय झालं यावर तेव्हापासून कट्ट्यात दोन गट आहेत. नान्या म्हणतो त्याने भटूला दिला. भटू म्हणतो, मनी माय ना गयानी शपथ, मी डबा पाह्यना बी नही.

"तसाच डबा आता भेटत नाही," काकू म्हणाल्या. "जाड पत्रा होता." आणि फोन ठेवला.

मग काय, संस्कृती वगैरे राहिलं बाजूला आणि सगळे नान्यावर. राजूने डब्याची आजची किंमत काढली, भटूने परत शपथ घेतली, नान्या उठून उभा राहिला आणि क्लासच्या आवाजात म्हणाला की माझ्याकडे डबा असेल तर माझ्या घरी येऊन शोधा, कपाट उघडा, माळ्यावर चढा!

"डबा तुझ्याकडेच आहे," पिंट्या हळूच म्हणाला. "तू हळद-कुंकवाला तुझ्या बायकोच्या हातून तिळगूळ पाठवलास ना आमच्या घरी, त्यावर ते झाकण होतं. आईचंच."

"मग झाकण कुठंय?"

"कुंडीखाली. पाटा ओला होतो ना."

नान्याने फोटो परत उघडला आणि झूम केला.

"अय," भटू म्हणाला, "चहाना पैसा नान्या दी."

नान्याने दिले.