लघवी धो धो होते म्हणजे वाट मोकळी?

‘लघवी जास्त म्हणजे साखर. भात बंद करा, पाणी निम्म्यावर आणा, मीठ कमी करा. लघवी भरपूर होते म्हणजे अडथळा नाहीच, सोनोग्राफीवर पैसे घालवू नका.’ हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर तीनदा येऊन गेला. मी वाचून सोडून दिला. गोव्यातल्या साखळी गावच्या मामाने तो पाळला, म्हणून हे लिहावं लागतंय.

आधी पाण्याचं बोलतो, कारण त्यानेच घात होणार होता. मामाला दिवसाला चार लिटरच्या वर लघवी होत होती. त्याने एप्रिलच्या उकाड्यात पाणी तोडलं. लघवी काही कमी झाली नाही. तिसऱ्या दिवशी मामीलाच विचारायला लागला, ‘तू कोण गो?’ रक्तातलं सोडियम चढलं होतं. अरे, मूत्रपिंड पाणी धरून ठेवत नाही म्हणून तर तहान लागते! ती तहान मारायची कसली?

आणि अडथळा नाही म्हणे. मामाचं प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढलेलं, मूत्राशय पुरतं रिकामं होत नव्हतं, मागे दाब जाऊन दोन्ही मूत्रपिंडं सुजलेली. पाणी परत शोषून घ्या, असा निरोप मेंदूकडून व्हेसोप्रेसिन नावाचं हार्मोन घेऊन येतं. त्यासाठी मूत्रपिंडाच्या नलिकांमध्ये ॲक्वापोरिन-२ नावाची दारं असतात. दाबाखाली ती दारंच कमी होतात. निरोप पोचतो, पाणी वाहून जातं. अडथळा अर्धवट असला की लघवी तुंबण्याऐवजी अशी पातळ आणि भरमसाट होऊ शकते. हा नेफ्रोजेनिक डायबेटीस इन्सिपिडस.

नावात डायबेटीस आहे, साखरेशी संबंध नाही. या नावाने डॉक्टर-नर्सही फसतात आणि रुग्णांचे हाल होतात, म्हणून २०२२ मध्ये हार्मोनतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने ‘आर्जिनिन व्हेसोप्रेसिन रेझिस्टन्स’, म्हणजे व्हेसोप्रेसिनच्या निरोपाला दाद न देणं, हे नवं नाव सुचवलं. लघवी वाढली तर साखर जरूर तपासा. मामाची उपाशीपोटी ९६ होती. उकड्या तांदळाची पेज उगाच सुटली.

मीठ कमी करा, हे मात्र बरोबर. मीठ कमी गेलं की ते बाहेर टाकायला लघवीही कमी लागते. लिहिणाऱ्याला हे ठाऊक असेल असं वाटत नाही. ब्लडप्रेशरच्या कुठल्यातरी मेसेजमधून उचललेलं दिसतं.

कॅथेटर घातल्यावर पिशवी आणखीच भराभर भरू लागली, तर ग्रुपवर लगेच, ‘बघा, नळी घालून बिघडवलं.’ तुंबलेली वाट सुटली की काही काळ असं होतं. म्हणून तर वॉर्डात लघवीचं माप घेतात, सोडियम-पोटॅशियम पुन्हा पुन्हा बघतात. तीन आठवड्यांनी मामा दोन लिटरवर आला. सगळ्यांचं इतकं लवकर सुधारत नाही.

काल कुणीतरी कुळथाच्या कढणाचं विचारलं. भाताबरोबर झकास लागतं. प्रोस्टेट त्याने आकसत नाही.