के-2 या नावाविषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

काराकोरममधील शिखरांवरच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. जगातील दुसऱ्या क्रमांकाच्या शिखराला सर्वत्र 'के-2' म्हणून मी वसाहतकालीन सर्वेक्षकाची खूणच पुढे चालवली, असा आपला आक्षेप आहे. शालेय पुस्तकांतील 'गॉडविन ऑस्टिन' किंवा मूळचे 'चोगोरी' यांपैकी एक नाव वापरायला हवे होते, आणि एव्हरेस्टच्या वेळी चोमोलुंग्मा हे नाव जसे डावलले गेले तसेच येथेही घडले असणार, असे आपण म्हणता. एव्हरेस्टविषयी आपण म्हणता ते मला पूर्णपणे मान्य आहे. 1865 मध्ये त्या शिखराला ब्रिटिश सर्वेक्षक जॉर्ज एव्हरेस्ट यांचे नाव दिले गेले, त्याच्या कितीतरी आधी, 18 व्या शतकात, चोमोलुंग्मा हे तिबेटी नाव फ्रान्समध्ये छापलेल्या नकाशावर आलेले होते. के-2 ची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तिचे कारण भूगोलात आहे.

1856 साली ब्रिटिश सर्वेक्षक थॉमस माँटगोमेरी यांनी काश्मीरमधील हरमुख पर्वतावरून, दोनशेहून अधिक किलोमीटर अंतरावरची दोन ठळक शिखरे टिपली आणि काराकोरमच्या रोमन आद्याक्षरावरून त्यांना के-1 व के-2 अशा खुणा दिल्या. या खुणा तात्पुरत्या होत्या. स्थानिक नाव मिळेल तेथे तेच नकाशावर घ्यायचे, असे सर्वेक्षण खात्याचे धोरण होते. त्यानुसार के-1 चे मशेरब्रुम झाले, तर के-3, के-4 आणि के-5 ही शिखरे गशेरब्रुम या नावाखाली आली. म्हणजे त्याच सर्वेक्षकाने, त्याच पद्धतीने दिलेल्या शेजारच्या खुणा पुसल्या गेल्या आणि ही एकच टिकली.

मशेरब्रुम बाल्तोरो हिमनदीच्या दक्षिणेला आहे आणि हुशे खोऱ्यातील लोकांना ते रोज समोर दिसते, त्यामुळे त्याला नाव असणे स्वाभाविकच होते. 8611 मीटर उंचीचे के-2 त्याच्याहून जवळजवळ आठशे मीटरने उंच असूनही दक्षिणेकडच्या शेवटच्या गावातून, अस्कोलेतून, दिसत नाही. तेथून पुढे बाल्तोरोची साठ किलोमीटरांहून लांब, दगडगोट्यांनी झाकलेली हिमनदी बरीचशी तुडवून काँकॉर्डिया या हिमनद्यांच्या संगमावर पोहोचल्यावरच, उत्तरेला वळलेल्या दरीच्या टोकाशी, ते पायथ्यापासून माथ्यापर्यंत नजरेस पडते. पलीकडे, उत्तरेकडील शक्सगाम खोऱ्याच्या बाजूला, वस्तीच नाही. एवढा प्रचंड पर्वत माणसांच्या रोजच्या नजरेआड राहावा, ही मला या प्रदेशाची सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

'चोगोरी' हे नाव या भागातील बाल्टी भाषेतील 'मोठा' आणि 'पर्वत' या शब्दांचे बनलेले आहे खरे. पण ते पूर्वापार सर्रास प्रचारात होते, याला पुरावा फारच तोकडा आहे. परक्या प्रवाशाने बोट दाखवून विचारले आणि समोरच्याने 'मोठा डोंगर' असे उत्तर दिले, त्यातून ते रूढ झाले असण्याची शक्यता अभ्यासक मांडतात. चीनमधील अधिकृत नावही त्याच्यावरच बेतलेले आहे. उलट, आज बाल्टी बोलणारे लोकच या शिखराला 'केटू' किंवा 'केचू' म्हणतात. ज्यांच्या वतीने आपण हा आक्षेप घेत आहात, त्यांनीच हे नाव आपल्या उच्चारात घोळवून आपले केले आहे, याला मी फार महत्त्व देतो.

हेन्री गॉडविन-ऑस्टिन यांनी 1861 मध्ये बाल्तोरोचे सर्वेक्षण केले, आणि ते काम निःसंशय मोठे होते. त्यांचे नाव शिखराला देण्याची सूचना पुढे आली, तेव्हा लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने ती स्वीकारली नाही. तरीही काही नकाशांवर ते छापले गेले आणि आपल्या क्रमिक पुस्तकांतही दिसते. वसाहतकालीन ठसा नको, हाच मुद्दा असेल, तर एका ब्रिटिश अधिकाऱ्याचे आडनाव हा पर्याय मला मुळीच पटत नाही. शिवाय शिखराच्या पूर्व पायथ्याशी असलेल्या हिमनदीला त्यांचे नाव आहेच, आणि एकाच लेखात दोन्हींना तेच नाव दिले, तर वाचकाचा गोंधळ होतो.

म्हणून यापुढेही मी के-2 हेच नाव वापरीन, पहिल्या उल्लेखाच्या वेळी कंसात 'चोगोरी' लिहीन आणि गॉडविन-ऑस्टिन हे नाव हिमनदीपुरतेच ठेवीन.