मेडिकल कौन्सिल भरपाई देत नाही, तो मेसेज पुढे पाठवू नका
डॉक्टरविरुद्ध राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे अर्ज टाका, नुकसानभरपाई मिळेल असा मेसेज फिरतोय. तसं नाहीये. कौन्सिल दोन्ही बाजू ऐकते, केसपेपर तपासते, चूक दिसली तर ताकीद देते किंवा रजिस्ट्रेशन काही काळासाठी नाहीतर कायमचं काढून घेते, पण पैसे द्यायला लावायचा अधिकार तिला नाही. भरपाईसाठी ग्राहक आयोग, पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात हे सुप्रीम कोर्टाने १९९५ लाच सांगितलंय. तिथे मुदत २ वर्षांची, आणि कौन्सिलच्या निकालाची वाट बघत बसलात तर ती निघून जाईल, मला काळजी याचीच वाटते. केसपेपरची कॉपी आधी लेखी मागा, डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे ७२ तासांत द्यावी लागते. ग्रुपवर तो मेसेज दिसला तर प्लीज तिथेच थांबवा.